दार बंद, नाव कमी

दिवाळी अंकात असला विषय काढणे म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर औषधाची बाटली आणून ठेवण्यासारखे आहे, हे मला कळते. फराळाची बशी मांडीवर घेऊन अंक चाळणाऱ्या वाचकाला हसवावे, फार तर थोडे रडवावे. त्याच्यापुढे हिशेबाची वही उघडू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. तरीही आज मी हिशेबाविषयीच लिहिणार आहे. कारण याच दिवसांत गिरगाव-दादरच्या घराघरांत देणग्यांची पत्रके येतात. गुळगुळीत कागद, वर हसरे बाळ, आणि खाली ठळक अक्षरांत एक वाक्य : ‘यंदा आमच्या कार्यकर्त्यांनी वस्तीतील मातांना व बालकांना इतक्या हजार गृहभेटी दिल्या.’ आपण ते वाचतो, आपले मन भरून येते, आणि आपण चेक फाडतो.

माझे म्हणणे असे आहे की, त्या वाक्याला काडीचाही अर्थ नाही.

हे मी गॅलरीत उभी राहून बोलत नाही. पंचवीसहून अधिक वर्षे मी परळ-लालबागच्या चाळींचे जिने चढले. आधी घरोघर जाणारी सेविका म्हणून, आणि पुढे अशा सेविकांवरची पर्यवेक्षिका म्हणून. संस्थेचे नाव सांगत नाही. ती माणसे चांगली होती, आणि त्यांचा जो दोष तोच माझाही होता. काम असे की, घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तिथे जायचे, मूल तोलायचे, लशींचे कार्ड पाहायचे, अंगावरच्या दुधाविषयी आणि वरच्या खाण्याविषयी चार गोष्टी सांगायच्या, आणि वहीत खूण करायची. घराला कुलूप असेल तर त्या रकान्यात ‘दा. बं.’ असे लिहायचे. दा. बं. म्हणजे दार बंद. लागोपाठ तीनदा ‘दा. बं.’ पडले की तांबड्या शाईने आडवी रेघ ओढायची आणि शेवटच्या रकान्यात शेरा मारायचा : ‘नाव कमी केले.’

१९८२ च्या गिरणी संपानंतरची गोष्ट. लालबागच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर अशी एक खोली होती. नवऱ्याची गिरणी सुटलेली. बायको पहाटे उठून एका खाणावळीत पोळ्या लाटायला जाई आणि तिथून परस्पर आणखी दोन घरची भांडी घासून तिसऱ्या प्रहरी परते. मूल खालच्या मजल्यावरच्या एका म्हाताऱ्या शेजारणीकडे असे. आम्ही जायचो अकरा ते एकच्या दरम्यान, कारण ती आमची वेळ होती. मुलाच्या आईची वेळ कोणती, हा प्रश्न आमच्या वहीत नव्हता. तीन भेटी झाल्या, तीनदा कुलूप दिसले, आणि मी माझ्या हाताने रेघ ओढली. त्या वर्षी आमची वही मोठी देखणी दिसत होती. एकही रकाना रिकामा नाही, प्रत्येक नावापुढे भेटींच्या खुणा! वार्षिक सभेत आमच्या विभागाचे कौतुक झाले. मला नारळ मिळाला.

पुढे सात-आठ महिन्यांनी मी एका रुग्णालयाच्या बालविभागात कोणाला तरी भेटायला गेले होते. खाटेपाशी बसलेली एक बाई मला म्हणाली, “ताई, तुम्ही आमच्या चाळीत येता ना? मी बघितलंय तुम्हाला जिन्यात. आमच्याकडे नाही कधी आलात.” मांडीवरचे मूल दीड वर्षाचे होते आणि सहा महिन्यांच्या मुलाएवढे दिसत होते. ते त्या खेपेला वाचले. पुढचे मला ठाऊक नाही; ते आमच्या वहीत नव्हते.

ज्या घरातली बाई अकरा वाजता दार उघडायला हजर असते, ते घर त्यातल्या त्यात बरे असते. तिथे कोणी कमावणारे असते, नाही तर सासू असते. पाहुणीला पाणी देण्याइतकी सवड असते. सर्वांत ओढग्रस्त घराचेच दार बंद असते. म्हणजे आमचा नियम मुळातच असा होता की, ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप चालला होता त्यांनाच तो निवडून बाहेर काढी, आणि उरलेल्यांच्या जोरावर आमचे यश शंभर नंबरी ठरे. हा भामटेपणा नव्हता. भामटेपणा निदान पकडता तरी येतो!

मुंबईला हा रोग नवा नाही. १९२१ साली या शहरात दर हजार नोंदलेल्या जन्मांमागे ६६० हून अधिक बालमृत्यू नोंदले गेले; एका खोलीच्या बिऱ्हाडांपुरता हिशेब केला तर हा आकडा ८२० च्याही वर जाई. आजही हे आकडे वाचून अंगावर काटा येतो. आणि परिस्थिती भयंकर होती यात शंका नाही. परंतु त्या भागाकारात एक मोठी फट होती. गिरणगावातल्या कित्येक बायका बाळंतपणाला कोकणात नाही तर घाटावर आपल्या गावी जात आणि मूल चार महिन्यांचे झाले की घेऊन येत. त्याचा जन्म रत्नागिरी-साताऱ्याकडे, आणि दुर्दैवाने ते गेले तर मृत्यू मुंबईच्या खात्यावर. शिवाय इथे जन्मलेल्यांपैकीही कित्येकांची नोंदच होत नसे. मृत्यू लपत नाही, त्याला स्मशानाची पावती लागते. जन्म मात्र बिनबोभाट होऊन जातो. रेषेच्या वर मृत्यू पुरे आणि रेषेखाली जन्म अपुरे. तेव्हा न मोजलेल्या मुलांमुळे शहर होते त्याहून काळे दिसले. आमच्या वहीत न मोजलेल्या मुलांमुळे काम होते त्याहून गोरे दिसले. दोन्हीकडे गफलत तीच.

त्याच सुमारास मुंबई सरकारने गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या बाळंतपणाची चौकशी करण्यासाठी डॉ. बार्न्स या बाई डॉक्टरांची नेमणूक केली. १९२२ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. कामावर जाणाऱ्या आयांच्या शंभरातल्या ९८ मुलांना अफू दिली जाते, असे त्यांनी नमूद केले. हीच ती बाळागोळी. आई पाळीवर गेली की मूल दिवसभर झोपून राही. आता कल्पना करा, आमच्यासारखी एखादी सेविका त्या खोलीत डोकावली असती तर तिने वहीत काय लिहिले असते? ‘भेट दिली. मूल शांत.’ डॉ. बार्न्स यांनी मूल का शांत आहे हे विचारले, एवढाच फरक. मूल्यमापन या बोजड शब्दाचा अर्थ मला विचाराल तर तो या फरकाएवढाच आहे.

या ठिकाणी मला हमखास एक आक्षेप ऐकू येतो. दादरच्या व्याख्यानमालांतून तो ऐकला आहे, आणि तो घेणारी माणसे माझ्याहून थोर आहेत. ती म्हणतात, सेवा ही तराजूत घालायची वस्तू नव्हे. आई मुलाला वाढवते तेव्हा काय तक्ता मांडते? एखाद्या गांजलेल्या बाईच्या उंबऱ्यावर कोणी जाऊन बसले, तिचे ऐकून घेतले, याची किंमत कशी करणार?

मला हे मुळीच मान्य नाही. आईची गोष्ट निराळी. ती दुसऱ्यांच्या पैशाने आणि दुसऱ्यांच्या मुलांवर प्रयोग करीत नसते. आपण परक्या घरात शिरतो, परक्या बाईला तिच्या मुलाला काय भरवायचे ते सांगतो, तिचा अर्धा तास घेतो. तो अर्धा तास तिच्या मजुरीतून जातो. त्याचा उपयोग झाला की नाही हे तपासणार नाही असे म्हणणे ही नम्रता नव्हे. हा सुखवस्तू माणसाचा उद्दामपणा आहे. आणि सेवा मोजत नाही म्हणणारे भेटी मात्र आवर्जून मोजतात, ही गंमत पाहा!

या बाबतीत आपल्याकडचे सर्वांत मोठे उदाहरण ताराबाई मोडक यांचे आहे. दादरला शिशुविहार चालवणाऱ्या या बाई १९४५ साली बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ तिथे त्यांच्या सोबतीला आल्या. खेड्यातल्या गरीब मुलांसाठी बालवाडी काढली, पण पाड्यावरची मुले बालवाडीपर्यंत येईनात. दुसऱ्या कोणी हजेरीपटावर ‘गैरहजर’ असे लिहून हात झटकले असते. ताराबाईंनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथून आला. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणी सुरू केली; त्यांत आपली धारावीही होती. आज देशभर अंगणवाडी हा शब्द चालतो; पण न येणाऱ्या मुलापासून तो जन्मला हे किती जणांच्या ध्यानात आहे?

आणि तराजू घेऊन सेवा केली म्हणजे सेवेला बाधा येते, असे ज्यांना वाटते त्यांनी गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले. पण त्यांनी काम सुरू करण्याच्या आधी एक वेडेपणा केला. ३९ गावे कामासाठी घेतली, आणि आणखी ४७ गावे, जिथे हे काम होणार नव्हते, तीही हिशेबात धरली. दोन्हीकडच्या प्रत्येक जन्माची आणि प्रत्येक मृत्यूची नोंद ठेवली. प्रत्येक हा शब्द महत्त्वाचा आहे. तिसऱ्या वर्षी तुलनेने नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट दिसली, आणि १९९९ साली हे ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आले तेव्हा जगाला ते मानावे लागले. ‘आम्ही इतक्या हजार भेटी दिल्या’ एवढेच त्यांनी म्हटले असते, तर ती बातमी चंद्रपूरच्या पलीकडेही गेली नसती. २०११ साली हीच पद्धत देशातल्या आशा सेविकांच्या हाती देण्यात आली, ती त्या मोजणीच्या बळावर.

पण मला त्याहूनही अधिक आदर वाटतो तो आपल्या मुंबईतल्या एका अपयशाचा. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात नवजात बालकांवर उपचार करणाऱ्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९९९ साली ‘स्नेहा’ ही संस्था काढली. नेपाळच्या डोंगराळ भागात बायकांचे गट जमवून, बाळंतपणाच्या अडचणींवर त्यांनाच विचार करायला लावून नवजात मृत्यू घटवल्याचे २००४ साली सिद्ध झाले होते. हाच प्रयोग या संस्थेने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत करून पाहिला. ही काही निव्वळ घरभेटीची योजना नव्हे, पण तिची सख्खी बहीण आहे. ४८ वस्त्या घेतल्या. २४ मध्ये गट चालवले, २४ मध्ये नाही. तीन वर्षे खपल्यानंतर निकाल काय लागला? गट चालवलेल्या वस्त्यांत नवजात मृत्यूंचे प्रमाण घटले तर नाहीच, उलट अधिक दिसले! आणि त्यांनी हा निकाल २०१२ साली जगापुढे जसाच्या तसा मांडला. झाकून ठेवला असता तर कोणाला कळले असते? त्यांच्याकडेही गुळगुळीत कागद होता, हसरी बाळे होती. पण नेपाळच्या खेड्यात जे चालते ते जिथे बहुतेक बाळंतपणे आधीच रुग्णालयात होतात त्या शहरात चालेलच असे नाही, हे त्या अपयशाने शिकवले. माझ्या वहीतल्या सर्व खुणांनी मिळून मला एवढे शिकवले नाही.

या निकालाचा दाखला देऊन काही खर्चकपाते म्हणतील, “पाहा, उपयोग होत नाही, बंद करा.” त्यांच्यापासूनही सावध राहिले पाहिजे. इंग्लंडमध्ये पहिलटकर अल्पवयीन मातांच्या घरी नर्स पाठवण्याच्या योजनेची अशीच कसून परीक्षा झाली. सोळाशेवर मुली त्यात होत्या. मूल दोन वर्षांचे होईपर्यंतच्या ज्या प्रमुख गोष्टी मोजायच्या ठरल्या होत्या, त्यांत काही लाभ दिसला नाही. तिथे सर्वच बाळांच्या घरी आरोग्यसेविका जात असते, तेव्हा तुलनेतल्या मुलीही अगदीच वाऱ्यावर नव्हत्या. पण तीच मुले शाळेत गेल्यावर पाहिले तेव्हा शाळेच्या तयारीत ती थोडी पुढे निघाली. जमैकात तर याहून नवल घडले. किंग्स्टन शहरात १९८६-८७ च्या सुमारास खुरटलेल्या १२९ तान्ह्या-रांगत्या मुलांवर प्रयोग झाला. काहींना पूरक आहार दिला. काहींच्या घरी आठवड्यातून एक तास एक सेविका जाई आणि आईला मुलाशी खेळायला, बोलायला शिकवी. खेळणी घरीच केलेली, टाकाऊ डब्याबाटल्यांची. दोन वर्षांनी सारे थांबले. वीस वर्षांनी त्या मुलांना शोधून काढले तेव्हा ज्यांच्या घरी खेळायला सेविका जात होती ती इतरांपेक्षा २५ टक्के अधिक कमावत होती. आहाराचा ठसा मात्र तेवढा उरला नव्हता. आमच्या वहीत खेळण्याला रकाना नव्हता. मुलांशी खेळत बसलेल्या सेविकेला मी स्वतः रागावले आहे, “अहो बाई, आणखी अकरा घरं व्हायची आहेत!”

तुलनेसाठी काही घरे वगळायची, यात अनेकांना क्रौर्य दिसते. मलाही पूर्वी दिसे. पण सगळ्या घरी जाण्याइतक्या सेविका आपल्याकडे होत्या कधी? घरे वगळली जातच होती; कोणती वगळायची ते आमचे जिने, आमच्या वेळा आणि स्थानिक पुढाऱ्यांच्या चिठ्ठ्या ठरवीत. त्यापेक्षा सोडत काढा. २०१२ साली गिरणी कामगारांच्या घरांची सोडत निघाली तेव्हा गिरणगावाने ती मान्य केलीच ना? अपुरी वस्तू वाटायची असेल तर सोडतीइतका सोज्वळ मार्ग दुसरा नाही. आणि तिच्यामुळे ज्यांच्याकडे गेलो आणि ज्यांच्याकडे जाऊ शकलो नाही, त्यांची बरोबरीने तुलनाही होते.

एका गोष्टीने मात्र मी अलीकडे हैराण होते. मूल्यमापन म्हणून जे चालते ते पुष्कळदा योजनेचे नसतेच. ते त्या बिचाऱ्या बाईचे असते. नवजात बाळाकडे सहा किंवा सात ठरलेल्या भेटी पुऱ्या केल्या की आशा सेविकेला २५० रुपये, असा हिशेब त्या योजनेच्या आरंभी बसवला गेला. भेटीला पैसे ठेवले की भेटी होणार, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ कशाला हवा? २०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल कचेऱ्यांत नेऊन परत केले. यंत्रे निकृष्ट, आणि माहिती भरायची ती इंग्रजीत, अशी त्यांची तक्रार होती. जी बाई मुलाची नाडी ओळखते तिला इंग्रजी स्पेलिंगात नापास करायचे आणि त्याला देखरेख म्हणायचे! दरम्यान मुलांचे काय चालले होते? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात वयाच्या मानाने खुरटलेली पाच वर्षांखालची मुले २०१५-१६ मध्ये शंभरात ३४.४ होती; २०१९-२१ मध्ये ती ३५.२ झाली. उंचीच्या मानाने वाळलेली मुले दोन्ही वेळा २५.६. मधल्या काळात घरभेटी किती झाल्या असतील, याची बेरीज कोणाकडे तरी नक्कीच तयार असेल.

तेव्हा वाचकहो, यंदा पत्रक आले की चेक जरूर द्या. पण त्याबरोबर तीन प्रश्न लिहून पाठवा. तुमच्या विभागात मुले एकूण किती, आणि तुमच्या वहीत किती? मधल्या फरकातली मुले कुठे आहेत? आणि तुम्ही जिथे गेला नाहीत तिथल्या मुलांपेक्षा तुमची मुले कशाने बरी आहेत? उत्तर आले नाही तर समजा की तिथेही तांबडी शाई आहे. ‘आमचा अमुक प्रयोग फसला’ असे ज्या संस्थेने कळवले, तिला पुढच्या वर्षी दुप्पट द्या.

गेल्या दिवाळीत मी लालबागला एका आप्तांकडे गेले होते. जिथे चाळ होती तिथे आता मनोरा आहे. खाली दिवाणखान्यासारखा चकचकीत सज्जा, आणि तिथे एक तरुण आरोग्यसेविका पहारेकऱ्याशी हुज्जत घालत उभी होती. वरून फोन आल्याशिवाय तो तिला सोडीना. “फ्लॅट नंबर सांगा,” तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी तिला बोलावून बाकावर बसवले आणि सहज विचारले, किती घरे झाली? तिने कपाळाला हात लावला. तेवढ्यात माझे लक्ष पंपाच्या खोलीकडे गेले. अर्धवट उघड्या दाराआड पुठ्ठ्यावर एक मूल निजले होते. वर्ष-सव्वा वर्षाचे असेल. भर दुपारी, इतक्या गलबल्यात, अगदी शांत. “हे कोणाचे?” मी विचारले. पहारेकरी ओशाळून म्हणाला, “आमचंच आहे, बाई. त्याची आई वर कामाला जाते.”

सेविकेने पिशवीतून कागद काढला. पहिला रकाना घर क्रमांकाचा होता. पेन उघडून ती थोडा वेळ त्या रकान्याकडे पाहत राहिली आणि मग मला म्हणाली, “मावशी, इथे काय लिहू?”